शुक्रवारची ब्रँडी

४ जानेवारी, शनिवार
दारू सोडली. कायमची. लिव्हरचे डॉक्टर म्हणाले, थेंब जरी घेतलात तरी ऑपरेशन विसरा. ट्रुडी आपल्या लिव्हरचा तुकडा देणार आहे मला. माझी पोर! सगळ्या टेस्ट पास झाली. त्यासाठी तिनंही पिणं सोडलंय.

७ जानेवारी
मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. दुखणं पोटात, तपासणी डोक्याची! बायको, आर्लीन, गेल्यापासून झोप लागते का, म्हणाल्या. म्हटलं, दुपारपर्यंत अंथरुणातच असतो, आणखी किती झोपू? मरावंसं वाटतं का? म्हटलं, मरायचं असतं तर इथे कशाला तडफडलो असतो? गोळ्या दिल्यात. घेणार नाही. वेडा थोडाच आहे मी.

१० जानेवारी, शुक्रवार
क्लबात तळलेल्या माशांचा दिवस. माशाबरोबर ब्रँडी ओल्ड फॅशन्ड, ब्रँडीचं गोडसर कॉकटेल. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये याला जेवण म्हणतात, पिणं नव्हे. चेरी असते, संत्र्याची फोड असते. एकच घेतली. दुसरी बारवरच्या लेस्टरचा मान राखायला.

१३ जानेवारी
पोट टम्म. डोळे पिवळे दिसतात. बाथरूमचा बल्ब बदलायला हवा.

१७ जानेवारी, शुक्रवार
ट्रुडीनं फोनवर विचारलं, डॅड, खरं सांग, घेत नाहीस ना? म्हटलं, तुझी शपथ, सोडलीय. खोटं काय त्यात? सोमवारपासून शिवलोही नव्हतो. मग क्लबात गेलो. मासा छान होता.

२२ जानेवारी, बुधवार
रक्त दिलं. बिनघोर. शुक्रवारचं बुधवारी काय उरतंय!

२७ जानेवारी
रक्तात कित्येक आठवड्यांपूर्वीची दारूसुद्धा सापडते म्हणे. आधी सांगायला काय झालं होतं? नर्सला समजावलं, बाई, मी मासा खायला गेलो होतो. तिनं विचारलं, मग मासा प्यायला होता का? ऑपरेशन रद्द. ट्रुडीनं रजा मंजूर करून घेतली होती.

३१ जानेवारी, शुक्रवार
क्लबात ट्रुडी आली. ओरडेल वाटलं होतं. शेजारी बसली, ब्रँडी मागवली, घटाघटा प्यायली. म्हटलं, जपून गं, लिव्हर खराब होईल. म्हणाली, आता कुणासाठी जपू? आणि सगळ्यांदेखत हमसून हमसून रडली. मला मरायचं नाहीये. हे तिला सांगायचं होतं, पण तोवर ती गाडीत बसली होती.

लेस्टरनं न विचारता माझ्यासमोर ग्लास ठेवला. म्हणाला, आजची माझ्याकडून. आता नाही कसं म्हणायचं?