धाकटीचा खड्डा

१४ सप्टेंबर १९०६
लव्हिनियाच्या घरात आज फळ्यांची जमीन झाली! आम्ही अजून तंबूत, पायाखाली वाळू. माझी धाकटी बहीण ती, पण सगळं आधी तिलाच. तिच्या नवऱ्याच्या, अमोसच्या खड्ड्यात तांब्याचा हिरवा दगड लागलाय. माझ्या नवऱ्याच्या, ओरिनच्या खड्ड्यात साप निघाला.

९ ऑक्टोबर
गावात दोन बँका झाल्या, रोज नवे तंबू उभे राहताहेत. तांबं, तांबं, दुसरं बोलणं नाही. पाणी मात्र चाळीस मैलांवरून पिंपातून येतं.
लव्हिनिया म्हणाली, "मिनर्व्हा, एक बादली ने ना, आमच्याकडे उरलंय." उरलंय म्हणे! नेली. जळफळत नेली.

२८ डिसेंबर
वर्षाचं ठरलेलं खणकाम एकतीस तारखेच्या आत झालं नाही तर जागा मोकळी. मग खड्ड्याजवळच्या दगडांच्या ढिगातल्या डब्यात जो आपल्या नावाची चिठ्ठी ठेवील त्याची. हा कायदा इथे पोराटोरांना पाठ आहे. अमोस पाठ धरली म्हणून तीन आठवडे झोपून. खड्ड्यात एक कुदळ पडलेली नाही — मी रोज जाऊन बघते.
ओरिन म्हणाला, "अगं, सख्खी बहीण ना ती तुझी?"
"मग? जन्मभर तिची बादली वाहू?"


१ जानेवारी १९०७
झालं! दगडांच्या ढिगातला डबा उघडला, अमोसची चिठ्ठी काढली, आमची घातली. ओरिन सारखा मागे वळून बघत होता. मी नाही.

६ जानेवारी
लव्हिनिया आणि अमोस गेले, डोंगरापलीकडे गुरं पाळायला. भांडली नाही, रडली नाही. त्याच जागेवरच्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवली न् गाडीत बसली. मेलीने निदान शिव्या तरी द्यायच्या! त्या फळ्यांवर आज झोपायचं. सुख कसलं, अंगाची नुसती आग होतेय.

१७ मे
ओरिन साठ फूट खाली गेला. हिरवं वरच्यावरच होतं. खाली नुसता पांढरा दगड. "अजून खोल," मी म्हटलं.

२ नोव्हेंबर
तांब्याचा भाव कोसळला. दोन्ही बँका बंद. लोक घरं फळी फळी उकलून गाड्यांवर लादताहेत. आमच्याकडे ना खेचर, ना जायला ठिकाण. पाण्याची गाडी आणखी चारच दिवस येणार.

५ नोव्हेंबर
लव्हिनियाचं पत्र.
"अमोसची पाठ ठणठणीत होती. खाली काही नाही हे कळलं, म्हणून त्याने पाठीचं निमित्त करून काम सोडलं. तू रोज खड्ड्यावर येऊन बघायचीस ते मला खिडकीतून दिसायचं. सांगायला निघालेही होते गं. मग म्हटलं, लहानपणापासून माझं ते तुला हवंच असतं. घेऊ दे."
एवढंच. 'या' असा एक शब्द नाही.