गुन्हेगाराला कलम लावताना

आदरणीय साडूभाऊ यांस,

खळीने बरबटलेले हात धुऊन, पुसून, मगच जोडतोय, तेव्हा नमस्कार स्वच्छ आहे असं समजून घ्यावा. ताईंनाही माझा नमस्कार सांगा आणि त्यांच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळवा. तुमच्या पाठीची चौकशी मुद्दाम करत नाही, कारण तिची खबर इकडे फोनवरून नेमाने येते (दोघी बहिणी बोलायला लागल्या की आधी तुमची पाठ, मग तुम्ही वाचलेलं नवं पुस्तक, आणि वेळ उरलाच तर माझा विषय). आम्ही इकडे खुशाल. आमची ही उत्तम, मी तिच्याहून उत्तम, आणि मी एवढा उत्तम का, ते सांगायलाच हे पत्र आहे. जरा लांबेल. चष्मा सापडत नाही हे निमित्त तुम्हाला चालणार नाही, कारण चष्म्याचं दुकान तुमचंच आहे.

आजवर आपल्या नात्यागोत्यात पुस्तकं सुचवायचा मक्ता तुमच्याकडे होता. चार माणसं जमली की तुम्ही चष्मा कपाळावर सरकवणार, अमुक वाचलं नाही तर काय वाचलं असं म्हणणार, आणि आमची ही माझ्याकडे बघणार. त्या बघण्यात राग नसतो. राग परवडला. पाहुण्यांसमोर टवका उडालेला कप ठेवायची वेळ आली की बाई त्या कपाकडे बघते, तसं ते बघणं. मी जन्मभर पुस्तकं बांधत आलो, आमच्या ग्रंथालयातली निम्मी कपाटं माझ्या शिवणीवर उभी आहेत. पण ‘भावोजी वाचतात, हे नुसते शिवतात’ हे तिचं वाक्य मला सुईपेक्षा जास्त टोचतं, हे तुम्हाला स्पष्टच सांगतो. पुस्तकाच्या बाबतीत तिने एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे मान वर करून बघावं एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी मी वाचायला लागलो. (लोक आनंदासाठी वाचतात म्हणे. आनंद मलाही झाला, पण तो मागाहून.)

सुरुवात तुम्ही कौतुकाने पाठवलेल्या तीन खंडांच्या कादंबरीपासून केली. एका घराण्याच्या पाच पिढ्या आहेत आणि पाचही पिढ्या खिडकीत उभं राहून विचार करतात. खाली उतरून कोणी भाजीसुद्धा आणत नाही. आता आम्ही बांधणीवाले पुस्तक हातात घेतलं की मजकुराआधी कडा बघतो. तुमच्या प्रतीच्या कडा तिसऱ्या प्रकरणापर्यंत बोटं लागून मळल्या आहेत, आणि तिथून पुढे तिन्ही खंड कोरे करकरीत आहेत. मी काही म्हणत नाही. त्यानंतर एका गिर्यारोहकाचं आत्मचरित्र वाचलं. शिखर शेवटच्या प्रकरणात येतं आणि तोवर सगळे बूटच बूट, पण बुटांवर त्याने असं काही लिहिलंय की मी माझे बूट दाराबाहेरून आत आणून ठेवले. हे अवश्य वाचा. पातळ आहे, पाठीला बाधणार नाही. एक कवितासंग्रहही वाचला. त्यात समास इतके ऐसपैस सोडलेत की कडा कापताना हात थरथरत नाही. मध्ये कविता आहेत, त्याही बऱ्या आहेत.

पण ज्या पुस्तकाने मला माणसांत आणलं ते निराळंच. ग्रंथालयाच्या बाईंनी दुरुस्तीसाठी दिलेल्या गठ्ठ्यात ते होतं. पुठ्ठा गेलेला, नावाचं पान गेलेलं, नुसता मजकूर शिल्लक. मी ते उसवलं, शिवलं, हिरवं कापड चढवलं आणि परत द्यायच्या आधी घरी नेऊन वाचलं. बंगल्यात खून होतो. इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो, दार लावून घेतो. कोणीतरी बोलायला तोंड उघडतं, आणि ते वाक्य असं आहे: ‘गुन्हेगाराला कलम लावताना खड्डा भरपूर खोल घ्यावा.’

साडूभाऊ, मी ताडकन उठून बसलो. इन्स्पेक्टरच बोलतोय हे उघड होतं. कायद्याचं कलम लावायला निघालेला माणूस, आणि थेट खड्ड्यावर येतो. पुढे तर तो थंडपणे सांगत सुटतो. तळाशी पालापाचोळा टाका, वर माती घालून पायाने दाबा, काही दिवस तिकडे कोणाला फिरकू देऊ नका. मग ‘डोळा काढताना सुरी धारदार हवी आणि हात हलता कामा नये’ हे वाक्य आलं तेव्हा मी दिवा लावलेला असूनही दुसरा दिवा लावला. त्यानंतर शेणखत किती, पाणी किती, हे सगळं बारकाईने येतं (हा लेखकाचा वास्तववाद). शेवटच्या प्रकरणात त्याच जागी गुलाब फुलतात आणि खुनाचं कोणी नावही काढत नाही. लेखक उपदेश करत नाही, रडत नाही, खुनी कोण तेही सांगत नाही. माती सगळं पोटात घेते, एवढंच म्हणतो, आणि तेही म्हणत नाही.

जेवताना हे मी हिला सांगितलं. तिने पुस्तक मागून घेतलं, वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना मला विचारलं, की त्या खड्ड्याचा अर्थ काय असेल हो? मला. अर्थ. मी सांगायला लागलो. भाजी गार झाली, हात वाळले, तरी मी सांगतच होतो आणि ती ऐकत होती. मग तिनेच ग्रंथालयाच्या बाईंना जाऊन सांगितलं, की यावेळच्या वाचकांच्या बैठकीत आमच्या ह्यांना ‘मला आवडलेलं पुस्तक’ यावर बोलू द्या. मी बोललो. माती आणि न्याय असा विषय धरला होता. सभेत चिडीचूप शांतता (पंखा बंद करायला लावला होता, पानं उडत होती). टाळ्या झाल्या. घरी येताना ही म्हणाली, ‘आता भावोजींनी तुमच्याकडून पुस्तकं मागावीत.’ हे वाक्य तुम्हाला जसंच्या तसं कळवतोय, त्यात माझा एक शब्द नाही.

आता थोडी तांत्रिक माहिती. (ही कबुली नव्हे, माहिती आहे.) त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या नर्सबाई दुकानात आल्या. त्यांचा गच्चीवर कुंड्यांचा पसारा आहे, म्हणून त्यांनी ग्रंथालयातून बागकामाचं पुस्तक नेलं होतं. माझीच बांधणी, तेच हिरवं कापड. म्हणाल्या, बागकामावर इतकं मन लावून लिहिलेलं पुस्तक पाहिलं नाही, पण शेवटी त्या माळ्याला पोलीस नेतात ते वाचून वाईट वाटलं, एवढं चांगलं खत घालणारा माणूस. मी पुस्तक हातात घेतलं. एकशे अठ्ठाविसाव्या पानाच्या तळाशी होतं, ‘गुलाबाचं कलम’. पुढच्या पानाच्या डोक्यावर होतं, ‘लावायला आधी पुरावा लागतो, माळी म्हणाला.’ नर्सबाईंना यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्यांच्या मते रोपवाले हल्ली फार फसवतात, तेव्हा अस्सल जातीचा पुरावा मागितलेलाच बरा. माझ्या मात्र पायाखालची जमीन सरकली.

झालं होतं ते असं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांचं असतं, त्या घडीला आम्ही फर्मा म्हणतो. गठ्ठ्यात दोन पुस्तकं होती, एक खुनाचं, एक बागेचं, एकाच मापाची आणि एकाच ठशाची, दोन्हींची नावाची पानं गेलेली. मी दोन्ही एकदमच उसवली आणि फर्मे लावून घेतले. आमच्या धंद्यात पानाचा आकडा बघायचा असतो, मजकूर बघायचा नसतो. जो मजकूर बघत बसेल त्याचं दुकान चालणार नाही. आकडे चोख लागले होते. आठव्या फर्म्याच्या शेवटी एकशे अठ्ठावीस, नवव्याच्या सुरुवातीला एकशे एकोणतीस, दोन्ही पुस्तकांत. फक्त या पुस्तकाचं धड त्या पुस्तकाच्या पायांवर गेलं. दोन्हीकडे पान ‘कलम’ या एकाच शब्दावर संपावं आणि पुढचं पान ‘लावणे’ या एकाच क्रियापदावर उघडावं, याला मी काय करणार? कोर्टातलं कलमही लावतात, बागेतलंही लावतात. (सुरीने काढायचा तो डोळाही गुलाबाच्या फांदीवरचा निघाला.) व्याकरणाने हूं की चूं केलं नाही, मग मी कोण बोलणार.

तरीही माझं मत जराही बदललेलं नाही, हे ठासून सांगतो. मी मागाहून दोन्ही पुस्तकं नीट क्रमाने वाचली. खुनाच्या गोष्टीत खुनी माळी निघतो, आणि तो निघणार हे शेंबड्या पोरालाही दुसऱ्या प्रकरणात कळतं. बागेचं पुस्तक माहितीपूर्ण आहे, म्हणजे कंटाळवाणं आहे. दोन्ही लेखकांना जे साधलं नाही ते माझ्या सुईदोऱ्याने साधलं. तेव्हा माझी शिफारस कायम आहे. वाचायचं तर माझ्या बांधणीत वाचा. नर्सबाईही आपली प्रत सोडायला तयार नाहीत, माळी सुटतो की नाही ते त्यांना पुन्हा एकदा वाचायचंय.

ताईंना पुन्हा नमस्कार. तुमच्या तिन्ही खंडांना ऊन दाखवत जा, कोऱ्या पानांना कसर लवकर लागते.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. – ग्रंथालयाच्या बाईंचं एक पत्र तुम्हाला येईल. पुढच्या बैठकीत याच पुस्तकावर खुली चर्चा ठेवली आहे आणि प्रमुख पाहुणे म्हणून तुम्हाला बोलवायचं ठरलं आहे (सूचना आमच्या हिची). खुनाच्या जुन्या कादंबऱ्या झाडून सगळ्या तुमच्या कपाटात आहेत, तेव्हा ही कादंबरीही धडधाकट अवस्थेत असणारच, आणि तुम्ही उभे राहून ‘खुनी माळी’ असं म्हणणारच. तर कृपा करून नकार कळवा. पाठ आहेच. एरवी ती काय कामाची?

ता. क. दुसरा – वरच्या मजकुरातलं कडांबद्दलचं मी मागे घेतो. तुम्ही बोटं धुऊन वाचत असाल. साडूभाऊ, थट्टा बाजूला ठेवतो. तिला हे कळलं तर मी पुन्हा तो टवका उडालेला कप होईन, आणि आता मला ते सोसणार नाही. येऊ नका.

ता. क. तिसरा – (भावोजी, हे अक्षर माझं. पत्र टपालात टाकायला ह्यांनी माझ्याच हातात दिलं. पाकीट आपल्या खळीने चिकटवलं होतं, ती वाळायच्या आत मी उघडलं.) मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. खुनाच्या गोष्टीत शेणखताचं प्रमाण कोण देतं? पण मी अर्थ विचारला आणि हे बोलायला लागले. आमच्या लग्नापासून जेवताना हे फक्त मीठ मागत आलेत. मी तुमच्या वाचनाचं कौतुक करायचे ते ह्यांनी काहीतरी बोलावं म्हणून, रागावून का होईना. वाचणारा नवरा मला कधीच नको होता. तो कसा असतो ते मी ताईकडे बघतेच आहे, तिला ताटावर बसूनही तुमच्या पुस्तकाचा पुठ्ठाच दिसतो. मला बोलणारा हवा होता.

तेव्हा तुम्ही यायचंच. पाठीला उशी मी देईन. समोरच्या खुर्चीवर बसा, हे जे काही सांगतील त्याला मान हलवा, आणि शेवटी सगळ्यांसमोर म्हणा, की हे मला सुचलं नव्हतं. इतकी वर्षं तुम्हीच जिंकत आलात. एकदा हरा, भावोजी, आणि परत जाताना गाडीत पुस्तक उघडू नका. ताईशी बोला.