गालावरच्या तिटेला डोळा समजल्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प संचालक,
श्वान व शिशू विचारगणन केंद्र,
वारजे, पुणे.

विषय: नातीचा अहवाल रद्द करून चूक लेखी कबूल करणेबाबत.
संदर्भ: आपला अहवाल क्र. शि/४७, दि. ९ जानेवारी २०२४.

महोदय,

मी वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. एकतीस वर्षे दुकानदारांचे काटे तपासले. तेव्हा मोजमाप म्हणजे काय, हे मला थोडेफार कळते असे मानून पुढील मजकूर वाचावा.

१. कुत्री आणि तान्ही मुले विचार कसा करतात, हे संगणकाकडून शोधून काढण्याचा आपला उद्योग आहे. त्यासाठी घरात दोन्ही असलेली कुटुंबे हवी होती, म्हणून सूनबाई पद्मजा मोठ्या हौसेने नऊ महिन्यांची मंदाकिनी आणि आमचा कुत्रा भैरू यांना घेऊन आपल्याकडे आली. पडद्याआड गेलेला चेंडू गायब झाला की कोण किती वेळ बघत राहते, हे कॅमेऱ्याने टिपायचे होते.

२. अहवालात भैरू "अतिशय चौकस" ठरला. तो जेवणाखेरीज कशाचीही चौकशी करत नाही, पण असो. मंदाकिनीबद्दल मात्र लिहिले आहे: "अकरा मिनिटांत डोळा हलला नाही. पापणी लवली नाही. आश्चर्याची जाणीव दिसत नाही. मेंदूच्या वाढीची तपासणी करून घ्यावी."

३. आपणच जोडलेल्या छायाचित्रात संगणकाने डोळा म्हणून जे हिरवे वर्तुळ काढले आहे, ते तिच्या डाव्या गालावर आहे. तिथे तीट आहे. मूल चारचौघांत न्यायचे म्हणून पद्मजाने ती चांगली ठसठशीत लावली होती. तीट अकरा मिनिटेच काय, दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीपर्यंत हलत नाही. हे कळायला संगणक लागत नाही.

४. फोन केला तेव्हा आपले सहायक श्रीधर म्हणाले, "आजोबा, आमच्या सिस्टीमने दहा हजार बाळं बघितलीत. पुढच्या वेळी ते काळं पुसून आणा." त्या दहा हजारांतल्या एकालाही आईने तीट लावलेली नसावी. काट्यात खोट निघाली तर आम्ही काटा जप्त करत असू; गिऱ्हाइकाला सुधारून ये म्हणत नसू.

५. हे सगळे पद्मजाला दाखवले, तरी तिला पटत नाही. अहवालावर शिक्का आहे, माझ्या बोलण्यावर नाही. तिने तीट लावणे सोडले आहे. दिवसभर खुळखुळा हलवते आणि मोबाइलवर वेळ लावून पोरीच्या पापण्या मोजते. परवा मंदा तिच्याकडे बघून खदखदून हसली. पद्मजाने आकडा लिहून घेतला. ती हसली नाही. मला आपला फार राग आला, आणि मग रडू आले.

तरी केंद्राच्या शिक्क्यानिशी एका ओळीचे पत्र द्यावे: 'डोळा समजून आम्ही तीट मोजली.' पत्र पद्मजाच्या नावे असावे. मला नको, मी रोज मंदाचे डोळे बघतो.

आपल्या शिक्क्याची वाट पाहणारा,
यज्ञेश्वर दीनानाथ हसबनीस
दि. २२ जानेवारी २०२४

सोबत:
१. हिरव्या वर्तुळाचे छायाचित्र.
२. भैरूचे प्रशस्तिपत्र, साभार परत. कोपरा त्यानेच चावला आहे.
३. पद्मजाच्या वहीचे एक पान. नुसते आकडे आहेत.