शेजाऱ्याची भवानी

आप्पा, आज दुकानात एक गंमत झाली. गंमत आपली म्हणायची म्हणून म्हणते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दुकानातलं काहीही आधी तुम्हालाच सांगावंसं वाटतं. दुसरं ऐकणारं आहे तरी कोण?

निपाणीतली आपली चपलांच्या दुकानांची ओळ सकाळी एकदम उघडायची. पुढं विक्री, मागं काम. तुम्ही रापीनं कातडं कापताय, मी वाद्या भिजवतेय, आई चुलीपुढनं उठून चपलांच्या चार वेण्या घालून जातेय आणि भिंतीपलीकडं शेजारचे अण्णा तळवे ठोकतायत. अण्णा ना नात्याचे ना गोत्याचे. घरी कन्नड बोलायचे, आपल्याशी मराठी, आणि राग आला की दोन्ही. धंदा मात्र आपलाच.

एक सकाळ मी विसरत नाही. पहिला जोड विकला गेला, आपली भवानी झाली. पाठोपाठ चिकोडीकडचं लग्नघर आलं, घरातल्या सगळ्यांना चपला हव्या होत्या. तुम्ही बसल्या जागेवरनं हात दाखवलात, ‘माझी भवानी झालीया. अण्णांची व्हायची हाय अजून. आधी तिकडं जावा.’ आई तव्यावरची भाकरी टाकून बाहेर आली. ‘आलेली लक्ष्मी शेजाऱ्याच्या दारात लोटताय व्हय? डोकं ठिकाणावर हाय न्हवं?’ तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘एकट्याच्या दुकानाला बाजार म्हणत न्हाईत गं.’ भाकरी करपली. आईनं ती करपलेलीच तुम्हाला वाढली आणि तुम्ही चवीनं खाल्लीत! पुढं अण्णांनी त्यातली निम्मी माणसं आपल्याकडं धाडली, तेव्हा आई म्हणाली, ‘लई शाणं दोघंबी.’ सगळ्या ओळीचीच ती रीत होती. शेजाऱ्याची भवानी झाल्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक घ्यायचं नाही.

आता कुठली ओळ, आप्पा! समोर केक मिळतात, पलीकडं मोबाईलची कव्हरं. कोपऱ्यावर प्लास्टिकच्या ‘कोल्हापुरी’ टांगलेल्या असतात, त्यांना कातड्याचा वासही नाही मेल्यांना. अण्णा गेले, त्यांची मुलं पुण्याला गेली. त्यांना तरी कुठल्या तोंडानं नावं ठेवू? माझीच पोरगी बेळगावात नोकरीला आहे. फोनवर विचारते, ‘आई, कुणासाठी बसतीस गं तिथं?’ मी म्हणते, जेवलीस का. खंडेनवमीला सगळ्यांच्या राप्या-आऱ्या एका पाटावर मांडून आपण पूजा करायचो. यंदा माझ्या एकटीच्याच होत्या, पाट अर्धा रिकामा राहिला.

अण्णांचं दुकान एका कापडवाल्यानं घेऊन कुलूप लावून ठेवलंय. त्याला आपलंही हवंय. मधली भिंत पाडून एकच मोठं दुकान करायचं म्हणतो. वर्षभर त्याला नाही म्हणत आले. म्हटलं, माझा हात चालतोय तोवर आप्पांचं दुकान उघडं राहील.

आणि आज. कितीतरी दिवसांनी सकाळी सकाळी भवानी झाली. कॉलेजातली एक मुलगी नाचाच्या कार्यक्रमासाठी जोड घेऊन गेली. लगेच मागनं एक म्हातारबा चढले, धोतर-पटका, अस्सल गिऱ्हाईक. ‘करकर वाजणारी हाय का, बाई?’ अशी चप्पल मागणारा माणूस शेवटचा कधी आला होता, आठवत नाही. मी हातातली आरी खाली ठेवली आणि जुन्या सवयीनं म्हणाले, ‘माझी भवानी झालीया. शेजारी अण्णांकडं जावा.’

म्हातारबा ‘बरं बरं’ म्हणून उतरले. कुलपापुढं जरा उभे राहिले, इकडंतिकडं बघितलं आणि स्टँडकडं चालू लागले. मला आधी हसू आलं. मग पदर तोंडात कोंबून रडले. एकट्याच्या दुकानाला कुठला बाजार, आप्पा? दुपारी कापडवाल्याला निरोप धाडला, भिंत पाडा.

हे लिहून ठेवते, पाठवायचं कुठं? पोरीला काही सांगणार नाही, ती म्हणेल आईचं वय झालं. तुम्हाला एवढंच सांगते. म्हातारबांना हाक मारता आली असती, चार पावलांवर तर होते. पण ते अण्णांच्या दाराकडं वळले ना आप्पा, तेवढ्यापुरती आपली ओळ उघडी होती. म्हणून नाही मारली.