एका वेळी एकच ताटली

४ जून
ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, नोकरी अजून आहे. चष्म्याच्या दुकानात काचा घासतोय आणि मालकाशी एकदाही भांडलो नाही. कॉलेज सोडलं तेव्हा बाबा म्हणाले होते, हा कुठेच टिकणार नाही. त्यांना हे मोठ्याने वाचून दाखव.

काम असं. आमच्याकडे डोळे तपासणारी एक मुलगी आहे. आहे म्हणजे, या महिन्यापुरती. मग ती दुसऱ्या गावच्या दुकानात चालली. मी भर दुकानात बोलून गेलो, की निरोपाचं जेवण माझ्या खोलीवर. काय आवडतं विचारलं, तर म्हणाली, तांदळाच्या नूडल्स, साध्या परतलेल्या. मी म्हणालो, तो तर माझ्या हातचा मळ! ताई, काल पहिल्यांदाच उकळून पाहिल्या. पोस्टरं चिकटवता येतील अशी खळ झाली.

त्या दिवशी तिला सांगणार आहे. काय ते तुला कळलंच. नाही सांगितलं तर फुटेन. म्हणून नूडल्सची कृती लगेच लिही, आणि कान हवा तेवढा पिळ, माया मात्र पातळ करू नकोस.

तुझा,
फटाका

१० जून
चि. फटाक्यास,
अ. उ. आ.

कणीक मळता मळता वाचलं, म्हणून हे पिठाचे डाग. हातचा मळ म्हणे! घरी कधी चहा तरी केलास?

नूडल्स उकळायच्या नाहीत. कोमट पाण्यात भिजव. वाकल्या पण तुटल्या नाहीत की निथळून, तेलाचा हात लावून पसर. कांदा, कोबी, गाजर उभं, बारीक चिर. कढई धुरावेपर्यंत तापव. आणि एका वेळी एकाच माणसापुरतं परत. सगळं एकदम ढकललंस की लगदा. ढवळायचं नाही, खालून उचलायचं. सोया सॉस शेवटी, कडेने. आणि लगेच वाढ.

बाबा येऊन गेले, त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, अजून वर्ष कुठं झालंय. पण पत्र घडी करून खिशात घातलं. इथे बाकी तसंच. हे पाळीवरून येतात, जेवतात, झोपतात. माझ्या गप्पा कुकरशी. तू आपला लिहीत राहा, तेवढंच घरात माणूस आल्यासारखं वाटतं.

तुझी,
ताई

२९ जून
ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नूडल्स फर्मास झाल्या. आधी हे सांगतो, कारण चांगली बातमी एवढीच.

दुकानातले सगळे आले, कोणी खुर्चीत, कोणी पलंगावर. माझी शेगडी कोपऱ्यात. तोंड भिंतीकडे, पाठ पाहुण्यांकडे. तुझा शब्दन्‌शब्द पाळला. पहिली ताटली तिला. म्हणाली, खरंच जमतं की तुला. मी वळून काही बोलणार, तोच आमचे म्हातारे कारागीर ओरडले, की पोरा, डोळे नंतर मिळव, आधी पोटाचं बघ. दुसरी ताटली. तिसरी. कुणाला तिखट, कुणाला पुन्हा. मागे नुसता हशा. तिने विचारलं, तू बसणार नाहीस का? म्हणालो, एवढी उतरवतो, आलोच. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मग नाही विचारलं.

कढईचा आवाज फार गं. निघते म्हणाली, बस होती, ते मला ऐकूच आलं नाही; कारागीर सांगतात, मी न वळताच झारा हलवून दोन मिनिटं थांबायला सांगितलं. माझी ताटली घेऊन वळलो, तर खोली रिकामी. सगळे तिला पोचवायला गेलेले. तसाच धावलो. चौकात कारागीर परत येताना भेटले. म्हणाले, बस गेली. झकास जेवलो.

रागाने कढई आपटली. तिला काही झालं नाही. मग एकटा बसून जेवलो. माझ्यावर रागावली असशील तर थोडी कमी रागाव.

तुझा,
फटाका

५ जुलै
चि. फटाक्यास,
अ. उ. आ.

वाचून आधी हसले, मग लाटणं ठेवून पुन्हा वाचलं. सगळं लिहिलं, पण मधेच गॅस बंद करून माणसांत जाऊन बसायचं असतं, हे लिहायचं सुचलंच नाही मला. लग्न झाल्यापासून पाहुणे आले की मी अशीच, तोंड भिंतीकडे. मागे कशावर हसले, कुणाचं काय ठरलं, मला दुसऱ्या दिवशी कळतं. मला वाटायचं, घरचं जेवण म्हणजे असंच.

तिच्या नव्या दुकानाचा पत्ता कारागिरांकडे असेलच. जा आणि डोळे तपासून घे. त्याला तिच्यासमोर बसावंच लागतं. तिथे उगाच डोकं तापवू नकोस, नीट बोल.

लोभ आहेच, त्याला अधूनमधून तोंडही दाखवत जा. काय झालं ते येऊनच सांग. मी गॅस बंद करून ऐकेन.

तुझी,
ताई