वस्तऱ्याचा वर्ग

३ जून
पालिकेचा दाढी-कटिंगचा क्लास आजपासून माझ्याकडे. सहा पोरं. महिनाअखेर परीक्षा. निम्मी तरी पास झाली पाहिजेत, नाहीतर क्लास समोरच्या पार्लरवालीकडे जाणार. तिच्याकडे म्हणे डिप्लोमा आहे. माझा सगळा जन्म वस्तऱ्यात गेलाय. पद्धत ठरवली: मी दाढी करणार, पोरांनी हात मागे बांधून बघायचं. बस्स.

५ जून
सूनबाई शाळेत शिकवते. जेवताना म्हणाली, बाबा, मुलांना स्वतः करू द्या, चुकू द्या. म्हटलं, तुझ्याकडे चुकलं की खोडरबर असतं. इथं कान असतो. ही हसली. सुनेकडे बघून.

९ जून
पार्लरवाली आगाऊपणे फुग्यांचं पाकीट देऊन गेली. फुग्याला फेस लावायचा, त्यावर वस्तरा फिरवायचा, म्हणजे हात बसतो म्हणे. वस्तरा शिकवायचाय की वाढदिवस करायचाय? पाकीट कपाटावर फेकलं.

१४ जून
वर्गातल्या चष्मेवाल्या पोरानं विचारलं, काका, वस्तरा किती तिरपा धरायचा? म्हटलं, हवा तेवढा. गप्पच झाला. समजलं असणार.

२० जून
लंबूटांग्या उभ्या उभ्या झोपला. इतका शांत वर्ग सुनेच्या शाळेत तरी असेल का?

२६ जून
सूनबाईची भुणभुण: निदान एखादा चार्ट लावा. लावला. माझा फोटो.

३० जून, सकाळ
परीक्षा. पोरं आज पहिल्यांदाच वस्तरा हातात धरतील. पण बघून बघून सगळं डोक्यात बसलंय. खुर्चीत बसायला कुणी गिऱ्हाईक तयार होईना. भित्रे लेकाचे! मीच बसलो.

३० जून, दुपार
चष्मेवाल्यानं मिशीची डावी बाजू उडवली. लंबूटांग्यानं बरोबरी करायला उजवी. तिसरा पुढे आला तशी परीक्षकबाईंनी वस्तराच काढून घेतला. सगळे नापास. हल्लीची पोरंच मठ्ठ, पद्धत काय करणार? घरी ही म्हणाली, क्षणभर वाटलं कुणी बरा माणूस आला.

१८ जुलै
क्लास पार्लरवालीकडे. पण शेवटी अडलं माझ्यावाचूनच! सरावाला गाल कुणी देईना, म्हणून मला मुद्दाम बोलावणं आलं. आज चष्मेवाल्यानं माझी दाढी केली. साधा ओरखडा नाही. मी फेसातूनच म्हटलं, काय लेका, बघून बघून आलंच की नाही?
पार्लरवाली म्हणाली, काका, तोंड बंद ठेवा. क्लास चालू आहे.