ओळखीची सही

६ जानेवारी १९९६
डोकं फिरलंय! पाचोडच्या बाजारात आज आमच्या मोफत सल्ल्याचं टेबल मांडलं. पाच वकील, एक सतरंजी. दुपारी मनकर्णाबाई आली, दोन मुलींना घेऊन. नवरा नव्वद साली वारला. एक्याण्णवमध्ये दीर कडूबानं तिचं नाव सातबाऱ्यावरून काढून टाकलं. कशाच्या जोरावर? तर ‘मला जमिनीत हिस्सा नको’ असं तिचं प्रतिज्ञापत्र! औरंगाबादेत केलेलं, खाली अंगठा. तिला पत्ता लागला आत्ता – राहत्या घरातूनही निघ म्हणाला तेव्हा.

“ताई, मी चौथी शिकलेली हाय. मला सही येती. अंगठा कशाला दिऊ?”

माझ्यासमोर सही करून दाखवली. माझ्यापेक्षा वळणदार!

७ जानेवारी
राग उतरत नाही. कडूबाचा एवढा नाही, त्या वकिलाचा! प्रतिज्ञापत्राखाली वकील लिहून देतो – या बाईला मी व्यक्तिशः ओळखतो. म्हणजे कडूबानं भलतीच बाई उभी केली आणि एका शिकल्यासवरल्या माणसानं न बघता सही ठोकली. तलाठ्याकडच्या नकलेत नेमका खालचा भाग काळाठिक्कर, नाव वाचताच येत नाही. मूळ कागद पैठणच्या तहसिलीत आहे. उद्या अर्ज टाकते.

१५ जानेवारी
पैठण. “फाइल सापडंना, मॅडम. पुढच्या आठवड्यात या.”

२३ जानेवारी
पुन्हा पैठण. कारकून जेवायला गेलेला. अडीच तास! रोज पंगत बसते की काय?

२ फेब्रुवारी
दत्तोपंतांशी भांडले. वकिली औरंगाबादेत त्यांच्याच हाताखाली शिकले, त्यामुळे आजवर आवाज चढवला नव्हता. आज चढला. मनकर्णाबाईची हकिकत ऐकून पानाला चुना लावत शांतपणे म्हणाले, “अहो शैलाबाई, पक्षकार माणूस आणतो, ज्युनिअर सही करतो. दिवसाला वीस कागद. प्रत्येकीचा पदर सारून तोंड बघत बसायचं काय?”

बसायचं! नाहीतर ‘ओळखतो’ असं लिहू नये!

“आणि तो कबूल करील असं वाटतं तुम्हाला? सनद जाईल त्याची.”

जावी. अशांची जायलाच हवी. तसं तोंडावर सांगून आले. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही.

११ फेब्रुवारी
वाईट बातमी. नकलेवरचा अंगठा फार पुसट आहे, जुळवता येणार नाही असं ठसेतज्ज्ञ म्हणतात. वीस तारखेला प्रांतसाहेबांपुढे सुनावणी. कडूबा छातीठोक सांगतो, अंगठा वहिनीचाच. आता सगळी भिस्त त्या वकिलावर. ‘मी हिला पाहिलंच नव्हतं’ एवढं त्यानं सांगितलं तर वाचली. नाहीतर रानही गेलं, घरही गेलं.

मनकर्णाबाई पदरात बोरं घेऊन आली होती. दुसऱ्याच्या बांधावरची. “लई गोड हायत, खा.” मग हळूच विचारलं, “ताई, त्यो वकील खरं बोलंल का वो?”

म्हटलं, न बोलून सांगतो कुणाला? कान धरून उभा करते तुमच्यासमोर!

धाकटी खुदकन हसली. मोठी नाही हसली. ती नुसती माझ्याकडे बघत होती.

१६ फेब्रुवारी
तहसीलदारांच्या दारात ठाण मांडलं. फाइल दाखवल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. सोमवारी नक्की, असं लिहून घेतलं.

१९ फेब्रुवारी
फाइल मिळाली. मूळ कागद पाहिला. पुसट अंगठा, नोटरीचा शिक्का, ‘व्यक्तिशः ओळखते’ – आणि खाली सही माझी.

कडूबा आठवत नाही. ती बाई आठवत नाही. काहीच आठवत नाही!

उद्या पहिल्या एसटीनं मनकर्णाबाई येते आहे. दोन्ही मुलींना आणते म्हणाली, त्या वकिलाला बघायला.